कूलर बंद करून

कूलर बंद केला तुझ्यासाठी, नाहीतर घर्र येते.
फोन उलटा नको ठेवू, त्याचा कान खाली असते.

मी मोतीराम हेडाऊ, गोळीबार चौक.
मागं कोष्ट्याचं घर, पुढं रेकॉर्डिंगची खोली.
तू जे ऐकायला आला ते मी बोलणार नाही.
जुनं तेच खरं, मशीननं गाणं मारलं, हे सारेच बोलून राहिले.
कोणत्या मशीननं, बाप्पा?
माझ्या बापाचा हातमाग बसला
तेव्हा सारं शहर पॉवरलूमची लुगडी नेसून
सिनेमाले गेलं.
कोणी सभा नाही घेतली.
आता पेटीवाल्याच्या पोटावर पाय आला
तर विज्ञान वाईट?

पेटीचंही ऐक.
बारा पट्ट्या सारख्या वाटून दिल्या
तेव्हाच एकेका सुराले थोडं थोडं खोटं बोलायला शिकवलं.
त्या खोट्यावर आपण खरं खरं रडलो.
मग कॉम्प्युटरनं सूर सरळ केला
तर काहून नाक मुरडता?

अन् हे तुमची टेपची ऊब.
गंज आहे तो.
लोखंडाचा गंज, प्लास्टिकच्या फितीवर फासलेला.
चाळीस वर्षं मी गंजच विकला.

चोरांचं म्हणशील, तर चोरांनीच गाणं पोचवलं.
कंपनीची गाडी सदरच्या पुढं गेली नाही.
नकली कॅसेट एसटीच्या ड्रायव्हरजवळ बसून
उमरेड, पवनी, पार ब्रह्मपुरीले गेली.
कंपनीनं आम्हाले काही दिलं नाही,
चोरानंही नाही.
पण चोर हिशेब दाखवत नव्हता.

अनसाबाई रामटेके, इंदोऱ्याची.
दिवसा बिड्या वळे, बोटाले पत्त्याचा वास.
साल पंच्याऐंशी, बुद्धपौर्णिमेच्या आधी कॅसेट पाह्यजे होती.
आठ गाणी, तीनशे रुपये.
मालकानं शाईचा डबा पुढं केला अंगठ्यासाठी,
ते हसली, अन् पेन मागितला.

शेहेचाळीस डिग्री.
खिडक्याले गाद्या लावलेल्या.
कूलर बंद, पंखा बंद.
सहाव्या गाण्यात, तिसऱ्या अंतऱ्याले
आवाजाले चीर गेली.
तिनं माझ्याकडं पाह्यलं.
मी काचेमागून बोट फिरवलं, चालू ठेव, टेप महाग आहे.
माठातल्या पाण्याचा लोटा
माझ्याच स्टुलावर होता.
थंड पाण्यानं आवाज बसते,
हे माझं तेव्हाचं विज्ञान.

मागच्या महिन्यात मिहानमधला एक पोट्टा आला.
म्हणे काका, ऐका.
अनसाबाई गाऊन राहिली होती.
मरून अकरा वर्षं झाली तिले,
अन् वर्धा रोडवरच्या प्लॉटची जाहिरात गाऊन राहिली होती.
मी मान डोलावली. का नाही डोलावू, जमलं होतं.
नातवाले चाळीस हजार भेटले म्हणे.
चांगलं झालं. आजीले तीनशे भेटले होते,
त्यातले पन्नास हार्मोनियमवाल्याचे.

पण प्रत्येक अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीले
ते चीर.
नेमकी. मोजून मापून.
पोट्टा म्हणे, तिची स्टाइल आहे ना काका,
मशीननं कशी बरोबर पकडली!

स्टाइल नाही बे,
तहान होती ते.

मी त्याले सांगितलं नाही. तुले सांगून राहिलो.
आता ते हजार वर्षं तहानलेली गाईन,
आमदाराच्या वाढदिवसाले, बोअरवेलच्या जाहिरातीत,
अन् लोक वाहवा म्हणतीन.
मशीनले काय बोलू?
त्यानं पाणी पाह्यलं नाही कधी.
मी पाह्यलं होतं.
हाताच्या अंतरावर होतं.

बस, झालं.
माझं मत तेच आहे, बदललं म्हणून लिहू नको.

कूलर लाव.
येऊ दे घर्र.